प्रो. फिलिप मोर्स आणि एका गुप्त विद्येची खुली सभा

विद्येचा जन्म कोठें झाला यापेक्षां ती पुढें कोणाच्या घरीं वाढली, यावर तिचें शील अधिक अवलंबून असतें. किमयागारांच्या भट्टीपाशीं रसायनशास्त्राचें बाळपण गेलें, म्हणून कोणी आज त्यास कमी लेखीत नाहीं. मुहूर्त पाहण्याच्या गरजेनें आमच्याकडे ज्योतिर्गणित वाढलें, तरी त्या गणिताचा खरेपणा मुहूर्ताच्या खरेपणावर अवलंबून राहिला नाहीं. ज्या दिवशीं एखादी विद्या भट्टीवाल्याच्या किंवा दरबाराच्या कुलपांतून सुटून चारचौघांच्या तपासणीस उभी राहते, त्या दिवशीं तिचा दुसरा जन्म होतो असें म्हणण्यास हरकत नाहीं. विसाव्या शतकाच्या मध्यास असा दुसरा जन्म पावलेल्या एका विद्येची, आणि तो घडवून आणण्यांत ज्यांचा मोठा हात होता अशा एका प्राध्यापकाची हकीकत वाचकांपुढें ठेवण्याचा आमचा विचार आहे.

या विद्येस अमेरिकेंत ‘ऑपरेशन्स रिसर्च’ व इंग्लंडांत ‘ऑपरेशनल रिसर्च’ असें म्हणतात. या लेखापुरतें तिला आम्ही ‘कार्यसंशोधन’ म्हणूं. आरमाराची मोहीम, आगगाडीचें वेळापत्रक, दवाखान्यांतील रांग, गिरणींतील मालाचा सांठा, असें कोणतेंहि काम चालू असतां त्याचें निरीक्षण करावें, मोजमाप घ्यावें, आणि निर्णय ज्याच्या हातीं असेल त्याच्यापुढें आंकड्यांचा आधार ठेवावा, हें या विद्येचें सारें स्वरूप होय. निर्णय धन्यानें घ्यावयाचा. संशोधकानें फक्त दिवा धरावयाचा. हा दिवा प्रथम युद्धाच्या तळघरांत पेटला. तो तेथून उचलून उघड्या ओटीवर आणून ठेवणाऱ्यांत प्रो. फिलिप मॅक्कॉर्ड मोर्स हे अग्रेसर होते. १९५२ सालीं स्थापन झालेल्या अमेरिकेच्या कार्यसंशोधन सोसायटीचे ते पहिले अध्यक्ष.

मोर्स यांचा जन्म ६ ऑगस्ट १९०३ रोजीं अमेरिकेच्या लुइझियाना प्रांतांतील श्रीव्हपोर्ट या गांवीं झाला. मात्र त्यांचें बाळपण ओहायो प्रांतांत गेलें. क्लीव्हलंड शहरांतील ‘केस स्कूल ऑफ अप्लाइड सायन्स’ या संस्थेंतून १९२६ सालीं ते पदवीधर झाले. नाद व त्याचीं कंपनें यांविषयीं प्रसिद्ध असलेले डेटन मिलर हे तेथें त्यांचे गुरु होते. नंतर प्रिन्स्टन विद्यापीठांतून १९२९ सालीं त्यांनीं डॉक्टरची पदवी मिळविली. तो काळ पदार्थविज्ञानांतील मोठ्या उलथापालथीचा होता. पुंजयामिकी हें नवें शास्त्र यूरोपांत नुकतेंच उभें राहिलें होतें, आणि अमेरिकेंतील तरुण विद्यार्थी तें शिकण्यास उतावीळ झाले होते. त्याच १९२९ सालीं मोर्स यांनीं एडवर्ड काँडन यांच्याबरोबर या विषयावर इंग्रजी भाषेंतील अगदीं पहिल्या पुस्तकांपैकीं एक लिहिलें. आणि दोन अणूंचा रेणु बनला असतां त्यांच्यामधील ओढ अंतराप्रमाणें कशी बदलते, हें दाखविणारें एक सुटसुटीत सूत्र त्याच वर्षीं मांडलें. तें सूत्र रसायनाच्या व पदार्थविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत आजहि त्यांच्याच नांवानें शिकवितात. वयाच्या सव्विसाव्या वर्षीं ज्याचें नांव एका सूत्रास चिकटलें, त्यास पुढें कांहीं केलें नसतें तरी चालण्यासारखें होतें. परंतु मोर्स यांचा स्वभाव एका विहिरींत खोल उतरण्यापेक्षां नवनव्या जागीं पाणी शोधण्याचा होता. उतारवयांत, १९७७ सालीं, त्यांनीं आत्मचरित्र लिहिलें; त्याच्या नांवाचा आशयहि आरंभाच्या वेळीं आपण हजर होतों असाच आहे.

यूरोपांत कांहीं काळ अध्ययन करून १९३१ सालीं ते केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथील सुप्रसिद्ध तांत्रिक विद्यापीठांत (एम. आय. टी.) अध्यापक म्हणून रुजू झाले, व १९६९ पर्यंत, मध्यंतरींचा सरकारी कामाचा काळ सोडल्यास, तेथेंच राहिले. १९३६ सालीं कंपन व नाद या विषयावरील त्यांचा ग्रंथ बाहेर पडला. येथपर्यंत त्यांचें चरित्र कोणत्याहि विद्वान् प्राध्यापकाच्या चरित्रासारखेंच आहे. युद्धानें त्यास वेगळें वळण दिलें.

१९४१ च्या डिसेंबरांत अमेरिका महायुद्धांत उतरली, आणि १९४२ च्या जानेवारीपासून जर्मन पाणबुड्या अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याशीं येऊन व्यापारी जहाजें बुडवूं लागल्या. पहिल्या कांहीं महिन्यांतच बुडालेल्या जहाजांची संख्या शेंकड्यांत गेली. आरमारापाशीं शौर्य होतें, जहाजें होतीं, नवीं यंत्रेंहि येत होतीं; परंतु असलेल्या साधनांचा उपयोग कसा केला असतां शत्रूस जास्तींत जास्त बाधेल, याचें उत्तर कोणापाशीं नव्हतें. इंग्लंडांत पदार्थविज्ञानवेत्ते पॅट्रिक ब्लॅकेट यांनीं अशाच प्रश्नांसाठीं शास्त्रज्ञांचीं पथकें याच्या अगोदरच उभीं केलीं होतीं. ब्लॅकेट हे तरुणपणीं आरमारी अधिकारी म्हणून १९१६ च्या जटलंडच्या लढाईंत होते, आणि १९४८ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. तोफ व प्रयोगशाळा या दोहोंची भाषा जाणणारा असा मनुष्य विरळा. त्यांच्या कामाची वार्ता अमेरिकेंत पोंचली होती. बोस्टन येथील पाणबुडीविरोधी पथकाचे प्रमुख कॅप्टन वाइल्डर बेकर यांनीं १९४२ च्या वसंतांत मोर्स यांस बोलावून तसेंच एक मंडळ उभारण्यास सांगितलें. बोटांवर मोजण्याइतक्या माणसांनिशीं तें सुरू झालें. त्यांत पदार्थवैज्ञानिक होते, गणिती होते, आणि विमा कंपन्यांत आयुर्मानाचे हिशेब करणारे जाणकारहि होते. पुढें ट्रँझिस्टरच्या शोधाबद्दल नोबेल पारितोषिक मिळविणारे विल्यम शॉक्ली हे या मंडळाचे संशोधनप्रमुख होते, आणि कोलंबिया विद्यापीठांतील रसायनवेत्ते जॉर्ज किंबॉल हे मोर्स यांचे उजवे हात बनले.

या मंडळींनीं कोणतें नवें अस्त्र शोधून काढलें, असें वाचक विचारतील. त्यांनीं अस्त्र शोधलें नाहीं. प्रश्न कसा विचारावा हें शोधलें. याचीं दोनतीन उदाहरणें देण्यासारखीं आहेत.

भूमध्य समुद्रांत जाणाऱ्या इंग्रज व्यापारी जहाजांवर विमानविरोधी तोफा बसविल्या होत्या. तोफा महाग, तोफचीहि दुर्मिळ. कांहीं दिवसांनीं हिशेब काढला, तों हल्ला करणाऱ्या विमानांपैकीं अवघीं शेंकडा ४ या तोफांनीं पडलीं असें दिसलें. तेव्हां तोफा काढून दुसरीकडे न्याव्या असा विचार निघाला. परंतु तोफ विमान पाडण्यासाठीं बसविली होती कीं जहाज वांचविण्यासाठीं? हा प्रश्न विचारतांच निराळाच हिशेब पुढें आला. तोफा असलेल्या जहाजांवर हल्ला झाला असतां त्यांपैकीं शेंकडा १० बुडत, आणि तोफा नसलेलीं शेंकडा २५ बुडत. तोफेच्या माऱ्यानें विमान पडलें नाहीं तरी वैमानिकाचा नेम चुके, आणि जहाज सुखरूप बंदरास लागे. तोफा जागच्या जागीं राहिल्या. काय मोजावें हें चुकलें कीं बिनचूक गणितहि बुडवितें, हा धडा या उदाहरणांत आहे. रोग्यांच्या संख्येवरून दवाखान्याची व उत्तीर्णांच्या संख्येवरून शाळेची परीक्षा करणाऱ्यांनीं तो ध्यानांत ठेवावा असा आहे.

दुसरें उदाहरण समुद्रावर टेहळणी करणाऱ्या विमानांचें. विमानाच्या दोहों बाजूंस जेवढ्या रुंदीचा पट्टा नजरेखालीं येतो, त्यास विमानाच्या वेगानें व उड्डाणाच्या तासांनीं गुणलें असतां एकंदर किती समुद्र झाडून काढला हें कळतें. त्या भागांत पाणबुड्या अमुक असाव्यात असा अंदाज असला, तर त्यांपैकीं किती दिसावयास पाहिजेत हेंहि कळतें. प्रत्यक्ष दिसलेल्यांची संख्या या अपेक्षित संख्येशीं ताडून पाहणें, हें या मंडळींचें नित्याचें काम झालें. एखाद्या महिन्यांत हें प्रमाण एकाएकीं घसरलें, तर वैमानिकांस दोष देण्याचें कारण नसे. शत्रूस कांहीं नवी युक्ति सांपडली असली पाहिजे असें अनुमान निघे. बिस्के उपसागरांत असेंच घडलें. विमानांतील रडारच्या लहरी दुरूनच ओळखणारें यंत्र जर्मनांनीं १९४२ सालीं पाणबुड्यांवर बसविलें होतें. तेव्हां दोस्तांनीं निराळ्या, अधिक आंखूड लहरींचें रडार आणून तो डाव उलटविला.

तिसरें उदाहरण अगदीं स्वयंपाकघरांतलें आहे, आणि मोर्स व किंबॉल यांनीं तें आपल्या ग्रंथांत मुद्दाम दिलें आहे. छावणींत जेवणानंतर शिपायांनीं आपापलीं भांडीं धुण्यासाठीं पाण्याचीं चार पिंपें ठेवलीं होतीं; दोन घासण्यासाठीं, दोन विसळण्यासाठीं. रोज लांबलचक रांग लागे. एका संशोधकानें नुसतें उभें राहून पाहिलें, तों भांडें घासण्यास विसळण्याच्या तिप्पट वेळ लागतो असें त्यास आढळलें. त्यानें तीन पिंपें घासण्यास व एक विसळण्यास ठेवण्यास सांगितलें. पिंपें तींच, पाणी तेंच, माणसें तींच. पण बहुतेक दिवशीं रांगच लागेनाशी झाली. आमच्या घरांतील कोणतीहि शहाणी गृहिणी हें सहज सांगती, असें वाचक म्हणतील. तें खरेंच आहे. परंतु मोठ्या संस्थांत शहाणपण पुष्कळदां वहिवाटीच्या ओझ्याखालीं दडपलें जातें; तेथें बाहेरचा मनुष्य येऊन घड्याळ हातांत घेऊन उभा राहिल्यावांचून तें वर येत नाहीं.

मंडळाच्या कामाचा बोलबाला आरमारांत झाला, त्याची संख्या वाढली, आणि १९४६ सालीं मोर्स यांस ‘मेडल फॉर मेरिट’ हें मोठें नागरी पदक मिळालें. येथें एक गोष्ट मात्र विसरतां येत नाहीं. या सर्व बेरजा-वजाबाक्या मनुष्यांच्या मरणाच्या होत्या. वांचलेलें जहाज म्हणजे वांचलेले खलाशी, तसेंच बुडालेली पाणबुडी म्हणजे बुडालेले खलाशी. शिवाय हें सर्व काम बंद दाराआड चाले, आणि गुप्त हिशेबास एक असाध्य रोग असतो: तो चुकला तर तो चुकला असें सांगणारा कोणी नसतो.

या रोगाचें ठळक उदाहरण इंग्लंडांत १९४२ सालींच घडलें. जर्मन शहरांतील वस्तीवर बॉम्बवर्षाव केल्यास किती लोक बेघर होतील व शत्रूचें धैर्य कसें खचेल, याचा एक हिशेब पंतप्रधान चर्चिल यांचे शास्त्रीय सल्लागार लॉर्ड चेरवेल यांनीं त्यांच्यापुढें मांडला. सर हेन्री टिझर्ड यांनीं तो तपासून त्यांतील नासधुशीचा अंदाज सुमारें पांचपट फुगलेला आहे असें सांगितलें. ब्लॅकेट यांच्या मतें तो सहापट फुगलेला होता. युद्धानंतरच्या पाहणींत हे टीकाकारच सत्याच्या जवळ होते असें दिसून आलें. पण त्या वेळीं ही चर्चा चारपांच माणसांच्या खोलींत झाली व तेथेंच संपली. हिशेब चुकीचा असतांहि धोरण चालू राहिलें. ज्यांच्या माथ्यावर बॉम्ब पडले त्यांस, अगर ज्यांचे मुलगे तीं विमानें चालवीत होते त्यांस, अशी चर्चा झाली हेंहि ठाऊक नव्हतें. आंकडा हा मोठा सत्यवादी आहे अशी लोकांची समजूत असते. पण साक्षीदार सत्यवादी ठरतो तो उलटतपासणी झाल्यावर. उलटतपासणीवांचूनचा आंकडा म्हणजे अंगरखा घातलेलें मत एवढेंच.

युद्ध संपल्यावर मोर्स यांच्यापुढें दोन वाटा होत्या. एक, विद्यापीठांत परत जाऊन पुन्हां नाद व अणु यांच्या अभ्यासास लागणें. दुसरी, सरकारच्या दाराशीं राहून गुप्त सल्लागार होणें. त्यांनीं दोन्ही थोड्याथोड्या चालून पाहिल्या. १९४६ ते १९४८ पर्यंत ते ब्रूकहेवन येथील नव्या राष्ट्रीय प्रयोगशाळेचे पहिले संचालक होते. पुढें १९४९-५० मध्यें लष्करी खात्यानें शस्त्रास्त्रांचें मूल्यमापन करण्यासाठीं काढलेल्या मंडळाचें शास्त्रीय काम त्यांच्याकडे होतें. परंतु त्यांच्या मनांत तिसरीच वाट होती, व तिचा आरंभ एका पुस्तकानें झाला. युद्धांत जमविलेल्या अनुभवाचा सारांश मोर्स व किंबॉल यांनीं १९४६ सालीं एका ग्रंथांत लिहून काढला होता. पण त्यावर ‘गोपनीय’ असा शिक्का होता. तो उठून ग्रंथ सर्वांस विकत मिळूं लागला तो १९५१ सालीं. भांडीं धुण्याच्या पिंपांची गोष्टहि त्यामुळेंच आमच्यापर्यंत आली! आंकडे व नांवें यांवर पडदा ठेवून कां होईना, पद्धति सर्वांपुढें आली, आणि ज्यास पटणार नाहीं त्यास ती खोडून काढण्याची मुभा मिळाली. विद्येच्या इतिहासांत शिक्का मारण्याच्या तारखा पुष्कळ सांपडतात. शिक्का पुसल्याची तारीख अधिक महत्त्वाची असते.

पुस्तकामागून सभा आली. या बाबतींत इंग्लंड पुढें होतें: तेथें १९४८ सालीं कार्यसंशोधकांचा एक क्लब निघाला होता, १९५० पासून त्याचें त्रैमासिक चालू झालें होतें, आणि १९५३ सालीं त्या क्लबाचें सोसायटींत रूपांतर झालें. अमेरिकेंत राष्ट्रीय संशोधन मंडळानें १९४९ सालीं होरेस लेव्हिन्सन यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमली. लेव्हिन्सन हे मूळचे गणिती. परंतु महायुद्धाच्या पुष्कळ आधीं त्यांनीं एका मोठ्या दुकानाच्या गिऱ्हाइकांच्या संवयींचा गणिती अभ्यास केला होता. मोर्स त्या समितींत होते. ही विद्या लष्कराबाहेर, कारखान्यांत व नगरव्यवस्थेंत कशी वापरतां येईल, याचा प्रचार समितीनें केला. त्याचें फळ म्हणजे २६ व २७ मे १९५२ रोजीं न्यूयॉर्क प्रांतांतील आर्डन हाउस या वाड्यांत भरलेली सभा. हा वाडा हॅरिमन घराण्याचा; त्यांनीं तो कोलंबिया विद्यापीठास दिला होता. सुमारें ७० माणसें जमलीं. घटना संमत झाली, सोसायटी स्थापन झाली, व मोर्स अध्यक्ष निवडले गेले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत सोसायटीच्या नियतकालिकाचा पहिला अंक थॉर्न्टन पेज यांच्या संपादकत्वाखालीं निघाला.

सभा, घटना, अध्यक्ष, नियतकालिक, हीं नांवें ऐकून वाचकांस कंटाळा येईल. कारण आमच्या प्रांतांत संस्थांचा कांहीं तोटा नाहीं, आणि त्यांच्या सभांत काय चालतें हेंहि सर्वांस ठाऊक आहे. परंतु या साध्या साहित्यानें काय बदललें तें पाहावें. कालपर्यंत ज्याचा अहवाल एक अॅडमिरल वाची, त्याचा लेख आतां शेंकडों समव्यवसायी वाचूं लागले. अॅडमिरलला निकाल हवा असतो. समव्यवसायी मनुष्य तो निकाल कसा काढला हें विचारतो. शिवाय संशोधकास नोकरी देणाऱ्या धन्याखेरीज दुसरी एक निष्ठा मिळाली, ती आपल्या विद्येच्या पंचांची. वैद्यास व वकिलास अशी निष्ठा फार पूर्वींपासून आहे. हिशेबाचा सल्ला देणाऱ्यास ती येथून प्राप्त झाली. प्रारंभीं या सोसायटीवर लष्करी छाप फार होती, व सभासदत्वाच्या अटीहि कडक होत्या. व्यापार व व्यवस्थापन यांकडे ओढा असणाऱ्या मंडळींनीं १९५३ सालीं ‘इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट सायन्सेस’ ही दुसरी संस्था काढली, याचें एक कारण हेंच होय.

मोर्स यांनीं सोसायटीस नांवापुरतें अध्यक्षपद दिलें नाहीं. तिला लागणारीं माणसें त्यांनीं विद्यापीठांत तयार केलीं. एम. आय. टी. मध्यें कार्यसंशोधनाचें केंद्र त्यांनीं उभें केलें व अनेक वर्षें चालविलें. त्यांचे शिष्य जॉन लिटल यांस १९५५ सालीं मिळालेली पदवी ही या विषयांतील अगदीं पहिल्या डॉक्टरेटपैकीं एक समजली जाते. गुरु, शिष्य व सोसायटी या तिघांचा संबंध दाखविणारी एक गोष्ट येथें सांगण्यासारखी आहे. रांगा, सांठे व यंत्रांची देखभाल या विषयांवर मोर्स यांनीं १९५८ सालीं एक पुस्तक लिहिलें. त्यांत त्यांनीं असें नमूद केलें कीं, रांगेंत सरासरीनें असणाऱ्या माणसांची संख्या ही दर तासास येणारीं माणसें व प्रत्येकास सरासरीनें लागणारा वेळ यांच्या गुणाकाराएवढी असते, असें आपण तपासलेल्या सर्व प्रकारांत दिसतें. पण तें नेहमींच खरें कां, हें मात्र सिद्ध करावयाचें राहिलें आहे. दर तासास ३० रोगी येत असले आणि प्रत्येक रोगी दवाखान्यांत २० मिनिटें राहत असला, तर कोणत्याहि वेळीं सरासरीनें १० रोगी तेथें असणार, इतका साधा हा नियम आहे. साधी गोष्ट सिद्ध करणेंच कधीं कधीं कठीण जातें. लिटल हे त्या वेळीं मोर्स यांच्या जुन्या ‘केस’ संस्थेंत शिकवीत होते. गुरूनें उघडा ठेवलेला प्रश्न त्यांनीं तेथें सोडविला, व ती सिद्धता १९६१ सालीं सोसायटीच्याच नियतकालिकांत छापून आली. हा नियम आज शिष्याच्या नांवानें ओळखला जातो. ज्यास आपलें अज्ञान छापून प्रसिद्ध करण्याची लाज वाटत नाहीं, त्याच्याच शिष्यांस असें यश मिळतें. गुप्त अहवालांत मात्र “हें आम्हांस ठाऊक नाहीं” असें वाक्य लिहिण्याची सोय फारशी नसते.

उतारवयांत मोर्स यांनीं पाणबुड्यांच्या शोधाची रीत ग्रंथालयास लावली. वाचकास हवें तें पुस्तक किती वेळां मिळत नाहीं, दुसरी प्रत केव्हां घ्यावी, पुस्तक जुनें होत जातें तशी त्याची मागणी कशी उतरते, कोणतीं पुस्तकें दूरच्या कोठींत ठेवलीं तरी चालतील, अशा प्रश्नांचा अभ्यास त्यांनीं आपल्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयांत केला, आणि त्यावरील १९६८ च्या ग्रंथास सोसायटीचें लँचेस्टर पारितोषिक मिळालें. लँचेस्टर हे इंग्रज इंजिनियर; लढाईंतील बळाचें गणित त्यांनीं १९१६ सालीं पुस्तकरूपानें मांडलें होतें. युद्धाच्या गणितज्ञाच्या नांवाचें बक्षीस ग्रंथपालाच्या अडचणी सोडविणाऱ्या पुस्तकास मिळावें, या एका गोष्टींत त्या विद्येनें सोळा वर्षांत केलेला प्रवास सांठविला आहे.

देशाबाहेरहि ही चळवळ पसरली. १९५७ सालीं ऑक्सफर्ड येथें पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, आणि १९५९ सालीं इंग्लंड, अमेरिका व फ्रान्स येथील सोसायट्यांनीं मिळून आंतरराष्ट्रीय संघ स्थापिला. हिंदुस्थानहि मागें नव्हता. ब्लॅकेट हे १९४७ पासून येथें वारंवार येत व पंडित नेहरूंस सल्ला देत. कलकत्त्याचे प्रो. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनीं १९५५ सालीं कार्यसंशोधनाच्या दृष्टीनें नियोजनाचा विचार करणारा निबंध लिहिला, व दुसऱ्या पंचवार्षिक योजनेवर त्यांच्या विचारांचा ठसा उमटला. भारतीय कार्यसंशोधन सोसायटी १९५७ सालीं स्थापन झाली, तेव्हां तिचे पहिले अध्यक्ष तेच झाले. अमेरिकेंत ही विद्या पाणबुड्यांच्या पाठलागांतून आली. आमच्याकडे तिचें स्वागत भात व ताग यांच्या पिकांची नमुना पाहणी करणाऱ्या संख्याशास्त्रज्ञानें केलें. बीज एक, पण जमीन निराळी.

येथवर वाचून वाचकांचा असा समज होईल कीं, सभा स्थापन झाली आणि सत्याचें राज्य सुरू झालें. तसें झालें नाहीं. १९६९ सालीं अमेरिकेच्या सिनेटपुढें क्षेपणास्त्रांपासून संरक्षण करणाऱ्या एका योजनेचा वाद चालू होता. दोन्ही पक्षांचे विद्वान् आंकडे घेऊन साक्षीस आले, आणि त्यांचीं उत्तरें एकमेकांच्या उलट होतीं. त्यांपैकीं योजनेच्या बाजूचे अल्बर्ट वोल्स्टेटर यांनीं, विरुद्ध पक्षाचें विवेचन व्यवसायाच्या रीतीस धरून होतें काय, याची चौकशी सोसायटीनेंच करावी अशी मागणी केली. समिति बसली, तिचा अहवाल व त्याबरोबर संशोधकांच्या वर्तनाचे नियम १९७१ च्या सप्टेंबरांत नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. अहवालाचा रोख मुख्यतः योजनेच्या विरोधकांच्या हिशेबावर होता. सोसायटींत मोठी खळबळ उडाली. हिशेब तपासणें हें सभेचें कर्तव्यच आहे, असें एक पक्ष म्हणे. सभेनें न्यायासनावर बसून एका राजकीय वादांतील एकाच बाजूस दोष द्यावा हें अनुचित आहे, असें दुसरा म्हणे.

या वादांत आम्हांस दोन्ही बाजूंत तथ्य दिसतें. आंकड्यांची बेरीज बरोबर आहे कीं नाहीं हें सभा सांगूं शकते. त्या आंकड्यांसाठीं किती जीव पणास लावावे हें सांगण्याचा अधिकार तिला नाहीं. तो प्रश्न नागरिकांचा आहे. परंतु १९४२ मधील चेरवेल यांचा हिशेब व १९७१ मधील हा वाद यांची तुलना केली, तर एक भेद डोळ्यांत भरतो. पहिला वाद बंद खोलींत मिटला व त्याचें फळ अजाण लोकांनीं भोगलें. दुसरा वाद छापील पानांवर झाला, त्याच्या दोन्ही बाजू आज कोणीहि ग्रंथालयांत बसून वाचूं शकतो, आणि सभेनें अन्याय केला असें ज्यास वाटेल तो तसें पुराव्यानिशीं म्हणूं शकतो. खुल्या सभेचा मोठेपणा ती चुकत नाहीं यांत नसून तिची चूक झांकतां येत नाहीं यांत आहे.

मोर्स १९७२ सालीं अमेरिकेच्या पदार्थविज्ञान सोसायटीचेहि अध्यक्ष झाले, आणि ५ सप्टेंबर १९८५ रोजीं काँकर्ड, मॅसॅच्युसेट्स येथें त्यांचें निधन झालें. त्यांनीं स्थापिलेली सोसायटी त्या नांवानें आतां नाहीं. १९९५ च्या जानेवारींत ती व १९५३ ची व्यवस्थापनवाल्यांची संस्था या दोन्ही एक होऊन ‘इन्फॉर्म्स’ ही संस्था झाली, आणि वेगळें बिऱ्हाड केलेल्या भावांचें पुन्हां एकत्र कुटुंब झालें. मोर्स यांच्या नांवानें त्या संस्थेचें एक व्याख्यातृपद चालतें. त्यांचे शिष्य लिटल हेहि २०२४ सालीं वारले.

विद्वानाचें चरित्र लिहितांना त्यानें काय शोधलें याची यादी देण्याची वहिवाट आहे. मोर्स यांच्या यादींत एक सूत्र, कांहीं ग्रंथ व अनेक पदें येतील. परंतु आमच्या मतें त्यांची खरी कमाई निराळी आहे. राजसत्तेस जिच्यापासून लाभ होतो अशी विद्या ज्याच्या हातीं लागते, त्यास ती मुठींत ठेवण्याचा मोह होतो. कारण मूठ झांकलेली असेतोंवर तिची किंमत सव्वा लाखाची असते. मोर्स यांनीं ती मूठ उघडण्याच्या कामीं पुढाकार घेतला, आंत काय आहे व काय नाहीं हें सर्वांस दाखविलें, आणि जें नव्हतें तें भरून काढण्याचें काम पुढच्या पिढीकडे दिलें. आज बँकेपासून इस्पितळापर्यंत सर्वत्र आमच्याविषयींचे हिशेब यंत्रें करीत आहेत, आणि त्यांतील पुष्कळ पुन्हां कुलपाआड गेले आहेत. हा हिशेब कोणी तपासला, आणि काय मोजावें हें कोणीं ठरविलें, हे दोन प्रश्न आर्डन हाउसच्या सभेनें आमच्यासाठीं मागें ठेवले आहेत. ते विचारीत राहणें हें आतां आमचें काम आहे.